बेबेची छबील

बेबेला कुणी पसंत पडलेलं मी पाहिलं नाही. माणूस समोर आलं की ती त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायची, खालचा ओठ पुढं काढायची आणि 'हुं' करायची. तेवढ्या 'हुं'मध्ये समोरच्याचं शिक्षण, पगार, घराणं, इस्त्रीचे कपडे, सगळं धुळीला मिळायचं. एकदा वस्तीत पाहणीला आलेल्या एका मोठ्या साहेबाला तिनं ते ऐकवलं, तर जीपमध्ये बसताना तो साहेब उगाचच आपल्या शर्टाची बटणं चाचपत होता.

मला ते पहिल्याच भेटीत ऐकायला मिळालं. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मी औंधचं सासर सोडलं आणि सांगलीतल्या एका प्राथमिक शाळेत नोकरी धरली. नोकरी मिळाली, खोली मिळेना. विश्रामबागेत तेव्हा नवे बंगले उठत होते. पुढं जास्वंद, दारात नावाची पाटी, मागच्या अंगाला भाड्यानं द्यायची एक खोली. बंगल्यातली बाई आधी माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघायची आणि मग विचारायची, "मिस्टर कुठं असतात?" खरं सांगितलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी देऊन झालेली असायची. एक बाई त्यातल्या त्यात मवाळ होत्या. त्या म्हणाल्या, "आमचं तसं काही नाही हो, पण लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे त्याच. त्यांच्या शेजारच्या बाईनंही मला हेच सांगितलं होतं, आणि तिच्या मते लोक म्हणजे या.

त्या बंगल्यांच्या मागं, उसाची शेतं सुरू व्हायच्या आधी, सरदारांची वस्ती होती. मोजकीच घरं. फाळणीनंतर छावण्यांतून आणि गावोगावांहून फिरत फिरत ही माणसं इकडं आली होती. ट्रक चालवायची, ट्रक दुरुस्त करायची. मधल्या मोकळ्या जागेत ट्रक उभे, कडेनं घरं आणि टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये गुरुद्वारा. बंगल्यातली माणसं वस्तीचं नावसुद्धा घेत नसत. 'तिकडं' म्हणत. "तिकडं जाऊ नको." "तिकडचे लोक." मी शेवटी तिकडंच गेले.

वस्तीत जिला सगळे बेबे, म्हणजे आई, म्हणत ती अंगणात चुलीपुढं बसली होती. पांढरी ओढणी, हातात लोखंडी चिमटा, अंगानं आडवी. मी खोलीचं विचारलं. तिनं मला न्याहाळलं, 'हुं' केलं आणि म्हणाली, "भाकरी येती का रं?" मी भाकरी करून दाखवली. तिनं ती दोन बोटांत धरली. "असली भाकरी बैल बी खानार न्हाई," ती म्हणाली. मग आपल्या चुलीवरच्या रोट्या आणि डाळ माझ्यापुढं ठेवून मी जेवेपर्यंत समोरून हलली नाही. जेवताना मला रडू आलं. "लय रडतो गड्या तू," ती म्हणाली. "खोलीत रड. हितं डाळीत पानी पडतंय." अशी मला खोली मिळाली.

बेबेचं मराठी ड्रायव्हर-क्लीनरांकडून आणि बाजारातल्या माळणींकडून उचललेलं होतं, त्यामुळं तिच्या बोलण्यात बाई-पुरुष हा भेद नव्हता. सगळ्यांना 'रं' आणि 'गड्या'. मला ती 'मास्तर' म्हणायची. स्वतःबद्दलही "मी सांगतो", "मी मारतो" असंच बोलायची, आणि ते तिला शोभायचं. नवरा घाटात ट्रक उलटून गेला, तेव्हा पोटची पोरं म्हणून एकटा करतार होता. तो आता चांगला मोठा, लग्न झालेला, दोन ट्रकांचा मालक. पण बेबेच्या लेखी तो कशाच्याच लायकीचा नव्हता. "दाढी वाढली, डोकं तेवढंच राहिलं," असं ती त्याच्या बायकोसमोर, जसबीरसमोर, म्हणायची. गुरुद्वाऱ्यात पोथी वाचणारे भाईजी वयानं तिच्याहून मोठे, सगळी वस्ती त्यांच्या पाया पडायची. बेबे ग्रंथसाहिबापुढं कपाळ टेकायची आणि उठताना भाईजींकडं बघून 'हुं' करायची. वाचन चांगलं आहे, वाचणारा कामाचा नाही, असा त्याचा अर्थ.

तिच्या कुजकट बोलण्यातून एकच काम सुटत असे, ते छबीलचं. भर उन्हाळ्यात पाचव्या गुरूंच्या हौतात्म्याचा दिवस येतो. त्या दिवशी शीख लोक रस्त्याच्या कडेला मांडव घालून येणाऱ्याजाणाऱ्याला थंडगार गोड दूधपाणी पाजतात. त्याला छबील म्हणतात. आदल्या दिवसापासून बेबे त्या कामाला लागायची आणि त्या दिवशी ती कुणालाच काही बोलायची नाही. माझ्या पहिल्या वर्षी मी पाहिलं, मिरज रस्त्याच्या कडेला मांडव पडला आणि बंगल्यांतली माणसं रांगेत उभी राहिली. घरात फ्रीज असलेली माणसं हातात तांबे घेऊन. रांगेत पहिले तात्या.

हे तात्या म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. नगरपालिकेच्या निवडणुकीत ते उभे राहायचे आणि पडायचे. पण पडल्यावरही त्यांचा पांढरा सदरा कडकच असायचा. कुणाच्या घरी पाहुणा आला, कुणाची गाय व्याली, कुणाच्या भिंतीला ओल आली, सगळीकडं तात्या जाऊन हात मागं बांधून उभे राहायचे आणि "मी बघतो" म्हणायचे. त्यांनी काही बघितल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. छबीलच्या दिवशी ते पेल्यामागून पेले रिचवून म्हणाले, "सरदारजी, तुमची सेवा म्हणजे सेवा." बेबेनं त्यांचा पेला पुन्हा भरला. मी मात्र तिच्या चेहऱ्यावरचे कष्ट पाहिले.

पुढच्या उन्हाळ्यात सांगलीत कॉलरा आला. बंगल्यांना तो उशिरा कळला, कारण तो आधी नदीकाठच्या गल्ल्यांतून आला आणि त्या गल्ल्यांत मेलेली माणसं बंगल्यांच्या ओळखीची नव्हती. तिकडून रोज प्रेतं जात होती आणि इकडं व्हरांड्यात बसून आमरसाचे बेत चालले होते. मग आमच्या वस्तीतला मिल्खा नावाचा तरुण ड्रायव्हर कलकत्त्याची फेरी करून आला. सकाळी त्याला जुलाब सुरू झाले. दुपारी त्याचे डोळे खोल गेले. करतारनं त्याला ट्रकमध्ये घातला, पण मिरजेच्या दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत तो संपला होता.

आता मात्र बंगल्यांना कॉलरा आला आहे हे कळलं, आणि कुठून आला तेही लगेच कळलं. तात्यांनी शोध लावला: सरदारांनी आणला. नदीकाठी पंधरवड्यापासून मरणारे लोक त्यांच्या हिशेबात धरलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी वस्तीच्या तोंडाशी असलेल्या सार्वजनिक नळावर तात्यांची चार पोरं काठ्या घेऊन बसली. आमच्या बायकांना घागरी घेऊन परतावं लागलं. संध्याकाळपर्यंत, वस्तीतून मोठ्या रस्त्याला जाणाऱ्या वाटेवर बाभळीच्या काट्यांचं पुरुषभर उंच कुंपण उभं राहिलं. "तुमच्याच भल्यासाठी," तात्या पलीकडून ओरडून सांगत होते. तोंडावर रुमाल बांधल्यामुळं त्यांना दोनदा सांगावं लागलं.

सरकारी दवाखान्यातला एक नवा डॉक्टर तेवढा शेतांच्या वाटेनं सायकलवरून आत आला. सगळ्यांना सुया टोचल्या. पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, एकत्र पंगतीला बसू नका, कुणाला लागण झालीच तर साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजत राहा, असं सांगून गेला. त्याला मिशीही नीट फुटलेली नव्हती. बेबेनं त्याला 'हुं' केलं. त्याच्यावर तिचा विश्वास होता असं नाही, पण बाकीच्यांवर त्याहून कमी होता.

त्या दिवसापासून वस्ती बेबेच्या हुकमावर चालली. करतार आणि बाकीचे पुरुष मागच्या कच्च्या वाटेनं ट्रक नेऊन एका मळ्यातल्या विहिरीवरून पिंपं भरून आणू लागले. लंगरमध्ये सगळ्या वस्तीचं वरण ज्यात शिजायचं ती मोठी देग बेबेनं अंगणात आणवली आणि तिच्याखाली अखंड जाळ ठेवला. पंगत बंद. ज्यानं त्यानं आपल्या घरचं भांडं आणायचं, वाढून घ्यायचं, घरी जाऊन खायचं. शीख माणसाला पंगत मोडायला सांगणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. म्हातारी माणसं भांडं घेऊन उभी राहायची आणि त्यांना घरी जाववायचं नाही. बेबे चिमटा घेऊन देगेशेजारी बसलेली. "जा. एकट्यानं खाल्लं तर घशात अडकत न्हाई." कुणी कच्चं पाणी तोंडाला लावलेलं दिसलं की चिमटा बसायचा. करतारला, त्याच्या क्लीनरांसमोर, दोनदा बसला.

याच दिवसांत माझा थोरला भाऊ कुंडलहून मला न्यायला आला. काट्यांच्या पलीकडं उभा राहून त्यानं हाक मारली, "सुमे, चल. हितं वाखा लागलाय. मरायचंय व्हय तुला? दाजी न्ह्यायला तयार हायेत. म्हनत्यात, झालं गेलं इसरतो."

झालं गेलं म्हणजे माझ्या पाठीवरचे वळ. ते विसरायला नवरा तयार होता.

माझ्या मागून बेबेनं विचारलं, "कोन रं हा?"

"भाऊ."

बेबेनं काट्यांमधून त्याला न्याहाळलं. "भाऊ हाय तर भाईर का? आत ये. बस. भनीला वाखा लागलाय का बघ. मग ने."

दादानं काट्यांकडं बघितलं, आपल्या धोतराकडं बघितलं. "न्हाई, मला यष्टी गाठायचीय," तो म्हणाला. "सुमे, इचार कर." आणि गेला. तो खरंच विचार करायला सांगत होता असं मला वाटत नाही, पण मी केला. मी बेबेला म्हणाले, "मी जात नाही." ती म्हणाली, "मग हुबा का? लाकडं आन."

लाकडं खरोखरच संपत आली होती. अखंड जाळाला ती पुरत नव्हती, आणि वखारीची वाट काट्यांनी अडवलेली होती. पण लाकडं चालून आली. शहरात रोग फिरला की मरीआईचा गाडा काढायची रीत आहे. छोटा लाकडी गाडा करायचा, त्यात देवीची मूर्ती ठेवायची, हिरव्या बांगड्या, लिंबं, नारळ, कोंबडी ठेवायची आणि वाजतगाजत हद्दीबाहेर नेऊन सोडायचा. म्हणजे रोग पुढच्यांच्या दारात जातो. तात्यांच्या मते त्यांची हद्द आमच्या काट्यांपाशी संपत होती. एका दुपारी हलगी वाजत आली, काट्यांच्या कडेनं गाडा आत ढकलला गेला आणि माणसं मागं न बघता पळाली. त्यांत पदवीधर होते. 'आमचं तसं काही नाही हो' म्हणणाऱ्या बाईंचे यजमान होते, ते कॉलेजात शिकवायचे. मी त्यांना त्यांच्या टकलावरून ओळखलं.

वस्तीतल्या बायका घाबरून दारं लावू लागल्या. मीही घाबरले. लहानपणापासून ऐकलेलं होतं, त्या गाड्याला हात लावला की घर बसतं. बेबे उठली. तिनं पाय धुतले, डोक्यावरून ओढणी घेतली आणि मूर्ती दोन्ही हातांनी उचलून लिंबाच्या झाडाखाली पाटावर ठेवली. मला म्हणाली, "तुझा देवी हाय. हळदकुंकू कर. देवीशी माझं भांडन न्हाई. देवीला हितं टाकून पळाला त्याच्याशी हाय." कोंबडी तिनं आपल्या खुराड्यात सोडली. नारळ वस्तीतल्या पोरांना फोडून दिला. मग कुऱ्हाड आणली, गाड्याचे तुकडे केले आणि एकेक करून देगेखाली सरकवले. लाकूड चांगलं वाळलेलं होतं. पाणी लवकर उकळलं.

संध्याकाळी तात्या काट्यांपलीकडं येऊन म्हणाले, "बाई, हे देवीच्या कोपाचं काम आहे." बेबेनं उकळत्या पाण्याचा तांब्या वर धरला. "देवी झाडाखाली बसला. थंड हाय. तुला कोप झाला का तात्या? पानी देऊ?" तात्या गेले.

कोप झाला नाही, पण चार दिवसांनी जसबीरला जुलाब लागले. बाहेर कळलं असतं तर लोकांनी देवीच्या नावानं काय काय म्हटलं असतं! करतार दारात उभा राहून लहान मुलासारखा हात चोळत होता. बेबेनं त्याला हाकललं आणि मला आत घेतलं. आम्ही दोघी आळीपाळीनं तिच्या तोंडात साखर-मिठाचं पाणी घालत बसलो. ती ओकायची, आम्ही पुन्हा पाजायचो. तिचे हात गार पडले, आवाज गेला. बेबे तिला एकसारखी शिव्या देत होती. "माझ्या घरात मरतो व्हय? मरायला तुझ्या बापानं पैसं न्हाईत दिलं. गीळ. गीळ म्हनतो ना." मी तिच्याकडं बघितलं तर शिव्या देताना तिचा चमचा जरासुद्धा हलत नव्हता, एक थेंब बाहेर सांडत नव्हता. दुसऱ्या दिवशी जसबीरला लघवी झाली, तेव्हा बेबे बाहेर अंगणात गेली आणि बराच वेळ ट्रकच्या मागं उभी राहिली. परत आली तेव्हा म्हणाली, "वाचला. आता दोन म्हैने नखरे करील."

जसबीर उठून बसायला लागली आणि छबीलचा दिवस जवळ आला. गुरुद्वाऱ्यात सगळे लांब लांब बसले. बोलणं पंजाबीतून झालं. मला एव्हाना ते कळायला लागलं होतं, म्हणून माझ्या मराठीत सांगते.

भाईजी म्हणाले, "छबील कधी चुकली नाही. यंदाही चुकायची नाही."

करतार म्हणाला, "उलट यंदा मोठी करू. दूध, सरबत, भरपूर बर्फ. ज्यांनी काटे घातले त्यांनाही पाजू. कळू दे त्यांना आपण कसे आहोत."

"त्यांना कळून काय होणार आहे?" बेबे म्हणाली. "काटे घालणाऱ्यांकडून चांगुलपणाचा दाखला हवाय तुला? आणि बर्फ कुठल्या पाण्याचा? दूध कुणाच्या हातचं? या दिवसांत ते रस्त्यावर वाटायचं?"

भाईजींनी डोळे मिटले. "बीबी, गुरूच्या नावानं दिलेलं पाणी कुणाचं वाईट करत नाही."

बेबेनं हातातला चिमटा खाली ठेवला. तिनं तो खाली ठेवलेला मी तेव्हाच पाहिला. "छावणीत माझ्या दोन लेकरांना पाणी गुरूच्या नावानंच दिलं होतं," ती म्हणाली. "देणारा सेवादार चांगला माणूस होता. विहिरीत काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे."

करतार आईकडं बघत राहिला. आपल्याआधी घरात दोन लेकरं होती हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. बेबेनं चिमटा उचलला आणि ती बाहेर गेली.

थोड्या वेळानं भाईजी गुरुद्वाऱ्यातला पाण्याचा माठ पोटाशी धरून अंगणात आले. सगळी वस्ती उकळलेलं पाणी पीत होती, ते मात्र त्या माठातलं कच्चं पाणी पीत होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. बेबेच्या समोर त्यांनी माठ मातीत पालथा केला आणि रिकामा माठ देगेपाशी ठेवला. बेबेनं 'हुं' केलं, आणि माठ भरून दिला.

छबील व्हायची ठरली, पण साखर-मिठाच्या उकळून निववलेल्या पाण्याची. आता प्रश्न राहिला काट्यांचा, कारण मांडव मोठ्या रस्त्यावर पडायचा होता. तो प्रश्न तात्यांनी सोडवला. आदल्या दिवशी सकाळी ते काट्यांपाशी आले. सदरा चुरगळलेला, रुमाल नाही. त्यांच्या आईला लागण झाली होती. टांगेवाले येत नव्हते, रिक्षावाले घराचं नाव ऐकून निघून जात होते, आणि ज्यांच्या भिंतींची ओल तात्यांनी बघितली होती त्यांच्यापैकी कुणाकडंच गाडी नव्हती, निदान त्या सकाळी नव्हती.

"करतारसिंग, ट्रक काढा हो," तात्या म्हणाले. "मिरजेला न्यायचंय."

करतार लगेच चावी घेऊन धावला. बेबेनं त्याला हातानं थांबवलं. "काढ की ट्रक. पन मागच्या वाटंनं गेला तर लय येळ लागंल. म्हातारा तवर मरंल. हिकडनं ने." आणि तिनं काट्यांकडं बोट केलं.

काटे घालणारी पोरं कुठंच दिसत नव्हती. तात्या एकटेच पुढं झाले आणि दोन्ही हातांनी फांद्या ओढू लागले. सदरा फाटला, मनगटं रक्तानं भरली. करतार मदतीला गेला तेव्हा बेबे त्याला काही बोलली नाही. ट्रक निघाला, तेव्हा मागं तात्यांच्या आईचं डोकं मांडीवर घेऊन, चमच्यानं पाणी पाजत बेबेच बसली होती. म्हातारी वाचली. तात्यांनी पुढं सगळ्यांना सांगितलं की आपण वेळेवर धावपळ केली म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी मांडव पडला. बराच वेळ कुणी फिरकलं नाही. मग हमाल आले, वीटभट्टीवरच्या बायका आल्या, टांगेवाले आले. डॉक्टर सायकल टेकवून तिथंच उभा राहिला आणि कुणाच्या घरात कोण आजारी आहे ते विचारत राहिला. उन्हं उतरता उतरता बंगले आले, तांबे घेऊन. 'लोक काय म्हणतील'वाल्या बाईही आल्या. त्यांच्या घरात धाकट्या मुलीला जुलाब सुरू झाले होते. मी त्यांचा तांब्या भरला. त्यांनी घोटभर चाखून तोंड वाकडं केलं. "खारट लागतंय हो."

"चव बगाया आला व्हय रं?" बेबे म्हणाली. "घरी जा. पोराला चमच्यानं पाज. ओकला तरी पाज. थांबू नको." आणि मग, बाई वळल्यावर, तिनं मला त्यांच्यामागं धाडलं. "तू बी जा मास्तर. ह्यांना जमनार न्हाई. ह्यांना काय जमतं?" ज्या घरात मला खोली मिळाली नव्हती त्या घरात मी सकाळपर्यंत चमचा घेऊन बसले. मुलगी वाचली. निघताना बाई म्हणाल्या, "तुम्ही रात्रभर इथं होतात हे कुणाला सांगू नका हं." मी त्यांना न्याहाळलं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, माझ्या तोंडून 'हुं' निघालं. ते चांगलं निघालं असावं, कारण बाईंनी पदर सावरला.

त्याआधी मी सगळ्यांना भीत होते. नवऱ्याला, दादाला, हेडमास्तरांना, पाट्या लावलेल्या बंगल्यांना. माणसाला भ्यायच्या आधी तो भिण्याच्या लायकीचा आहे का ते नीट बघायचं असतं, हे मी बेबेजवळ राहून शिकले. त्याच पावसाळ्यात नवऱ्यापासून सुटका करून घ्यायचा अर्ज मी केला. दादा पुन्हा आला, आणि या वेळी काटे नसतानाही बाहेरच उभा राहिला.

दोन वर्षांनी मला साताऱ्याला चांगली नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी मी बेबेच्या पाया पडायला गेले, तर ती कणीक तिंबत होती. "जा. खोली दुसऱ्याला द्यायची हाय," एवढंच म्हणाली. मी दारापर्यंत गेल्यावर ती मागून बोलली. तोंड वर न करता, हात न थांबवता.

"मोठा निर्मल. गप्प असायचा. धाकटी बंती." बंतीसाठी मात्र तिच्या मराठीत बाई-पुरुष हा भेद आला. "लय भांडखोर. पानी आधी मला, म्हनून भांडली. तिनं आधी प्यालं."

मी तिथंच उभी राहिले. तिनं कणकेवर पाण्याचा हात फिरवला. "हुबा का? यष्टी जाईल."

ती गेल्याची तार मला साताऱ्यात मिळाली. भोगाच्या दिवशी, म्हणजे तिच्या नावानं लावलेलं ग्रंथवाचन संपतं त्या दिवशी, मी सांगलीला गेले. पत्र्याच्या शेडमधली गर्दी बाहेर ट्रकांपर्यंत आली होती. तात्या एव्हाना निवडून आलेले होते. त्यांनी चार शब्द बोलायला मागितले आणि पुष्कळ बोलले. त्या कठीण काळात बेबे आणि आपण खांद्याला खांदा लावून लढलो, असं त्यांनी सांगितलं. बंगल्यातली माणसं माना हलवत होती. करतार हात जोडून ऐकत होता. तो चांगला माणूस आहे. मी ऐकत नव्हते.

मग भाईजी अरदाससाठी, शेवटच्या प्रार्थनेसाठी, उभे राहिले. पार वाकले होते, आवाज बारीक झाला होता. सकाळी मी त्यांना बाजूला घेऊन दोन नावं सांगितली होती. त्यांनी बेबेचं नाव घेतलं, आणि तिच्यापाठोपाठ निर्मलचं आणि बंतीचं. तात्या शेजारच्याला विचारत होते, "हे कोण?" शेजारच्याला ठाऊक नव्हतं.

करतार मला बाहेर, चपला काढलेल्या जागी, येऊन भेटला. "मास्तर, भाईजींना नावं तुम्ही दिली म्हणे. ती तिनं तुम्हाला सांगितली?"

"हो. मी निघाले त्या दिवशी."

"म्हणजे मला बहीण होती."

"होती. लय भांडखोर होती म्हणाली." पाण्याचं मी त्याला सांगितलं नाही.

"मग बेबेवरच गेली होती," करतार म्हणाला. तो हसला, आणि तसाच, दाढी ओली होईपर्यंत, चपलांच्या ढिगात उभा राहून रडला.